रेडिओॲक्टिव्ह कचऱ्याच्या पिशवीवरचं लेबल फाडून ती साध्या कचऱ्यात टाकतात, हे बरोबर आहे का?

नवा_सुपरवायझर

नमस्कार मंडळी. मी हॉस्पिटलात हाउसकीपिंग आणि कचऱ्याचं काम बघतो. सुया, बँडेज, सलाईनच्या नळ्या हा नेहमीचा बायोमेडिकल कचरा मला डोळे मिटून जमतो, पण आता न्यूक्लियर मेडिसिनचा, म्हणजे रेडिओॲक्टिव्ह औषधं देऊन तपासणी आणि उपचार करतात तो, भागही माझ्याकडे आलाय आणि तिथलं गणित काही केल्या डोक्यात शिरत नाहीये, म्हणून इथे विचारतोय.

होतं असं की तिथल्या पिशव्या आम्ही लगेच उचलायच्या नाहीत. त्या एका जाड भिंतींच्या कुलूपबंद खोलीत जातात, प्रत्येकीवर तारीख, आयसोटोपचं म्हणजे आतल्या रेडिओॲक्टिव्ह पदार्थाचं नाव, रेडिएशन मोजायच्या मीटरचं रीडिंग आणि ते रेडिएशनचं तीन पात्यांचं चिन्ह. इथपर्यंत ठीक. मग काही आठवडे नाहीतर महिने गेले की तिथला माणूस येतो, पिशवीला मीटर लावतो, वहीत काहीतरी लिहितो आणि चक्क ते चिन्ह काळ्या मार्करने खोडतो नाहीतर लेबलच फाडतो आणि मला म्हणतो, ने आता, बाकीच्या कचऱ्याबरोबर जाऊ दे.

म्हणजे लेबल होतं तोवर धोका आणि लेबल फाडलं की पिशवी साधी? माझ्या हाताखालचा एकजण तर तोंडावर म्हणाला, साहेब हे आपल्याला गंडवतायत. मला उत्तर देता आलं नाही. आपण तर ऐकत आलोय की असला कचरा हजारो वर्षं जमिनीत गाडून ठेवावा लागतो, मग दवाखान्यातलाच असा काय वेगळा? आणि दुसरं म्हणजे रेडिओॲक्टिव्ह आयोडीन दिलेल्या पेशंटच्या संडासाचं पाणी वेगळ्या टाकीत जातं, तिथे पाईप गळतोय आणि प्लंबर टाकीजवळ फिरकायला तयार नाही. त्याला काय सांगू? कुणी या लाइनमधलं असेल तर नीट समजावून सांगा, घाई नाहीये.

उलटतपासणी

लेबल फाडून कचऱ्यात?? लेखी मागा आधी. तोंडी सांगितलेलं काही करू नका, उद्या काही झालं की तुमच्याच गळ्यात येणार.

मीटरवाला

लेखी मागा हे बरोबर, पण गंडवत वगैरे कुणी नाहीये. मी हेच काम करतो, मेडिकल फिजिक्स आणि रेडिएशन सेफ्टी, त्यामुळे जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

जमिनीत खोल गाडायचा म्हणता तो कचरा मुख्यतः अणुभट्टीत वापरून झालेल्या इंधनाचा, त्यात काही गोष्टी खरंच हजारो वर्षं टिकतात. दवाखान्यात पेशंटला टोचतात किंवा पाजतात ती औषधं मुद्दाम अशी निवडलेली असतात की ती लवकर संपावीत, नाहीतर पेशंटच्याच अंगात राहतील ना. टेक्नेशियम 99एम, ज्यावर हाडांचे, किडनीचे, हृदयाचे बहुतेक स्कॅन होतात, त्याचं हाफ लाइफ, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा वेळ, 6 तास. पेट स्कॅनचं फ्लोरीन 18 तर 110 मिनिटांत निम्मं होतं. थायरॉइडचं आयोडीन 131 घेतं 8 दिवस. काही कॅन्सरवर देतात ते ल्युटेशियम 177 साधारण पावणेसात दिवस. म्हणजे आज सकाळी फ्लोरीनची सिरिंज पिशवीत टाकली तर दुसऱ्या दिवशी तिच्यात मोजण्यासारखं काही उरलेलं नसतं, आणि त्यासाठी कुणी काही केलेलं नसतं, नुसती वाट बघितलेली असते. याला आम्ही डिले अँड डिके म्हणतो. त्या खोलीचं सगळं काम म्हणजे थांबणं.

ढोबळ हिशेब असा की दहा हाफ लाइफ गेले की हजारातला एक भाग उरतो, नेमकं सांगायचं तर 1024 वा. आयोडीनला म्हणजे 80 दिवस. पण नुसते दिवस मोजून पिशवी सोडायची नसते, हे तुमच्या लोकांना नक्की सांगा. बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं, मेगा म्हणजे दहा लाख, गिगा म्हणजे शंभर कोटी. समजा एखाद्या बाटलीत 1 गिगाबेकरेल उरलं होतं, तर दहा हाफ लाइफनंतरही त्यात जवळपास 1 मेगाबेकरेल राहतं, म्हणजे सेकंदाला दहा लाख अणू फुटतायत. ते काही शून्य नाही. म्हणून शेवटी मीटर लावतात, आणि तोही त्या खोलीत लावायचा नाही कारण तिथे शेजारच्या पिशव्यांचंच रीडिंग येतं. पिशवी बाहेर आणायची, शिशाच्या डब्यात असेल तर डब्यातून काढायची, मीटर पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून सगळ्या बाजूंनी हळूहळू फिरवायचा आणि रीडिंग आजूबाजूच्या नेहमीच्या बॅकग्राउंडएवढं, म्हणजे सगळीकडे असतंच त्या नैसर्गिक रेडिएशनएवढं, आलं तरच सोडायची. नाही आलं तर पुन्हा आत, नवी तारीख टाकून. सोडायची हद्द नेमकी किती हे प्रत्येक देशाची नियामक संस्था ठरवते, ते तुमच्या लायसन्समध्ये लिहिलेलं असेल.

आता लेबलचं. ते फाडायचंच असतं, तसा नियमच असतो. कचरा डेपोवर कुणाला चिन्ह असलेली पिशवी दिसली तर सगळं काम थांबतं, माणसं हाकलली जातात, टीम येते आणि मीटर लावल्यावर काहीच निघत नाही. असं चार वेळा झालं की पाचव्यांदा खरी पिशवी आली तरी लोक म्हणतात असेल काहीतरी, टाका. जिथे रेडिएशन नाही तिथे चिन्ह ठेवणं हेही तेवढंच वाईट. तुमच्या माणसाने एवढंच बघायचं की फाडायच्या आधी मीटर लावला का आणि वहीत रीडिंग आणि सही आहे का. दोन्ही असेल तर पिशवी उचला, नसेल तर हात लावू नका, समोर कितीही मोठा डॉक्टर उभा असो.

आणि हो, रेडिएशन संपलं म्हणजे पिशवी साधी झाली असं पण नाही हं. आत रक्त लागलेल्या सुया असतील तर त्या अजून सुयाच आहेत, त्या तुमच्या नेहमीच्या शार्प्सच्याच वाटेने जाणार.

एक गोष्ट तुम्ही स्वतः करू शकता. कचरा टाकतानाच हाफ लाइफप्रमाणे वेगळा टाकला जातोय का बघा. टेक्नेशियमच्या पिशवीत कुणी आयोडीनची एक बाटली टाकली की आठवड्यात सुटणारी पिशवी तीन महिने जागा अडवते. खोली भरते ती बहुतेक वेळा याच कारणाने, आणि खोली भरली की लोकांना शॉर्टकट सुचायला लागतात.

रात्रपाळी

मीटरवाला सरांनी पिशव्यांचं सांगितलं, टाकीचं मी सांगते, आयोडीन वॉर्डला नर्स आहे.

थायरॉइडच्या कॅन्सरच्या पेशंटला मोठा डोस देतात ना, त्यातलं बरंचसं पहिल्या दोन दिवसांत लघवीवाटे बाहेर पडतं. म्हणजे सगळ्यात जास्त रेडिओॲक्टिव्ह गोष्ट कचऱ्याच्या पिशवीत नसतेच, ती संडासात असते. म्हणून वेगळी लाइन आणि डिले टँक. टाक्या दोन किंवा जास्त असतात, एक भरत असते तेव्हा दुसरी बंद करून नुसती ठेवलेली असते, आणि तपासून हद्दीच्या आत आली की मगच ड्रेनेजला सोडतात. काही देशांत टाक्या लागतच नाहीत, थेट ड्रेनेजला सोडायला मर्यादेत परवानगी असते, त्यावर या क्षेत्रातल्या लोकांची मतं वेगवेगळी आहेत. पण तुमच्याकडे टाकी आहे म्हणजे ती पाळायची.

प्लंबरला म्हणावं तू बरोबर बोलतोयस. मी असते तर मीही गेले नसते, असं कुणी न सांगता. आधी रेडिएशन सेफ्टी ऑफिसरने तिथे मीटर फिरवायचा, कुठल्या पाईपजवळ किती येतंय ते कागदावर लिहून द्यायचं, किती वेळ थांबता येईल ते सांगायचं, अंगावर किती रेडिएशन आलं ते मोजणारा बॅज द्यायचा, हातमोजे आणि बुटावरची कव्हरं द्यायची, आणि जमत असेल तर वॉर्डमध्ये नवीन पेशंट घ्यायच्या आधीची वेळ धरायची. आठ दिवसांत निम्मं होतं म्हणजे सोळा दिवस थांबलात तर पाव. गळती किती आहे त्यावर आहे म्हणा, जोरात असेल तर थांबता येणार नाही, मग खाली ट्रे नाहीतर शोषून घेणारे पॅड टाकून जागा अडवून ठेवा आणि आजच सांगा.

बाकी वॉर्डमधलं म्हणाल तर तुमच्या पोरांना विचित्र वाटणाऱ्या खूप गोष्टी दिसतील. टेलिफोन, रिमोट, दाराची मूठ, गादी, सगळ्याला प्लॅस्टिक गुंडाळलेलं असतं, कारण घाम आणि थुंकीतूनसुद्धा आयोडीन बाहेर येतं आणि गादीत मुरलं तर आख्खी गादी कचरा होते. चादरी लॉन्ड्रीला लगेच जात नाहीत, त्याही थांबतात. आणि उरलेलं अन्न! त्यावर कुणी बोलतच नाही. पेशंटने अर्धवट खाल्लेलं ताटातलं अन्न पण त्याच खोलीत आठवडेच्या आठवडे ठेवायचं असतं आणि ते काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. म्हणून त्यासाठी वेगळा डीप फ्रीझर लागतो, ज्यावर मोठ्ठं लिहिलेलं असतं की यात दुसरं काही ठेवू नये. नसेल तुमच्याकडे तर मागून घ्या, पहिल्याच उन्हाळ्यात आठवण येईल. आम्ही पेशंटला आधीच सांगतो, जेवढं खाणार तेवढंच मागवा, हाडं बियावालं काही नको.

उलटतपासणी

बरं. पण एक गोष्ट सोयीस्करपणे गाळताय. टेक्नेशियम 99एम 6 तासांत निम्मं होतं म्हणजे हवेत विरून जात नाही ना, त्याचं टेक्नेशियम 99 होतं आणि त्याचं हाफ लाइफ दोन लाख वर्षांच्या वर आहे. हे मी इथेच शोधून काढलं, फिजिक्सवाला नाहीये. मग हजारो वर्षांचा कचरा नाही कसं म्हणता? लेबल फाडून डेपोत टाकता ते नेमकं हेच ना?

मीटरवाला

प्रश्न चांगला आहे आणि गाळलं हे मान्य, कारण उत्तरात आकडेमोड येते. पण घ्या.

हाफ लाइफ जितकं लांब तितके अणू सावकाश फुटतात, म्हणजे तेवढ्याच अणूंपासून दर सेकंदाला निघणारं रेडिएशन तितकंच कमी. 6 तासांऐवजी 2 लाख 11 हजार वर्षं म्हणजे वेग तीस कोटी पटीने खाली येतो. करून बघा, 1 गिगाबेकरेल टेक्नेशियम 99एम पूर्ण संपलं की मागे उरतं ते जेमतेम 3 बेकरेल. गिगा नाही, मेगा नाही, नुसते 3. तुमच्या माझ्या अंगात पोटॅशियम 40 चे सुमारे 4000 बेकरेल जन्मभर असतात. त्यामुळे लांब हाफ लाइफ ऐकून घाबरू नका आणि छोटं ऐकून निश्चिंत होऊ नका, दोन्ही गोष्टी बघायच्या, किती दिवस आणि किती जोर.

पण तुमचा संशय दुसऱ्या एका ठिकाणी अगदी योग्य आहे. ल्युटेशियम 177 दोन तऱ्हेने बनतं. एका पद्धतीत ल्युटेशियम 176 वरच न्यूट्रॉन मारतात, त्यात थोडंसं ल्युटेशियम 177एम पण तयार होतं ज्याचं हाफ लाइफ 160 दिवस. दुसऱ्या पद्धतीत यटर्बियमपासून बनवतात, त्यात ही भानगड नसते. औषध तेच, पेशंटला फरक नाही, पण पहिल्या प्रकारच्या बाटल्या सत्तर दिवसांनी मोजल्या तरी मीटर खाली येत नाही, कारण मागे राहिलेलं 177एम काही दोन महिन्यांत जाणारं नसतं. असल्या पिशव्या वर्षानुवर्षं पडून राहतात. म्हणून औषध मागवतानाच सप्लायरला विचारायचं की हे कुठल्या पद्धतीचं, आणि उरलेलं परत घेणार का. तसंच गॅलियमचा जनरेटर, म्हणजे ज्यातून रोज ताजं गॅलियम काढतात तो डबा. गॅलियम 68 स्वतः 68 मिनिटांचं पण ते ज्यातून काढतात ते जर्मेनियम 68 आहे 271 दिवसांचं. तो जनरेटर संपला की कंपनीला परत, डब्यात टाकायचा नाही.

सहज_सुचलं

मी या लाइनचा नाही, पेशंटकडचा आहे, पण कचरा आमच्याही वाट्याला आला म्हणून लिहितो. वडिलांना रेडिओॲक्टिव्ह औषधाचा डोस दिला आणि काही दिवसांनी घरी सोडलं. घरी आल्यावर त्यांना डायपर लागत होते. आम्ही रोजच्या कचऱ्यात टाकले आणि गाडी पुढे ट्रान्सफर स्टेशनला गेली तिथे गेटवर अलार्म वाजला. अख्खी गाडी बाजूला. कचरावाले आमच्या दारात, शेजारी गॅलरीत. चूक आमची म्हणावी तर डिस्चार्जच्या कागदावर संडास दोनदा फ्लश करा, पुरुषांनी बसून लघवी करा, लहान मुलांना जवळ घेऊ नका हे सगळं होतं, डायपरबद्दल एक ओळ नव्हती. हॉस्पिटलला फोन केला तर त्यांनी शांतपणे सांगितलं की हो, ते वेगळ्या पिशवीत बांधून एका कोपऱ्यात काही आठवडे ठेवायला हवे होते. आता सांगताय!

सुपरवायझर दादा, तुमच्या हातात असेल तर तेवढी एक ओळ त्या कागदावर टाकून घ्या.

रात्रपाळी

आमच्याकडे आता डिस्चार्जच्या वेळी विचारतोच, डायपर, कॅथेटर बॅग, ड्रेसिंग यातलं घरी काही लागणार आहे का. हे सगळं लघवीचंच रूप आहे पण लोक त्याला लघवी समजत नाहीत, कचरा समजतात. आणि पेशंटला एक चिठ्ठी पण देतो, कुठला आयसोटोप, किती, कोणत्या तारखेला, कारण विमानतळावरचे डिटेक्टर पण वाजतात.

अजून एक सांगते, जरा नको वाटेल. पेशंट डोसनंतर लगेच वारला तर ते पण सांगावं लागतं, अंत्यविधी करणाऱ्या पुढच्या माणसांना. अमेरिकेत ॲरिझोनात एका पेशंटला ल्युटेशियम दिलं, थोड्याच दिवसांत तो दुसऱ्याच हॉस्पिटलात वारला, त्यांना कुणी कळवलं नाही आणि दहन झालं. नंतर भट्टीत आणि आजूबाजूच्या साधनांवर ल्युटेशियम सापडलं. 2019 मध्ये ते मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. भट्टी चालवणाऱ्याची लघवी तपासली तर त्यात ल्युटेशियम नाही, टेक्नेशियम निघालं! त्याला स्वतःला तसलं काही कधी दिलेलं नव्हतं, म्हणजे आधी कुठल्यातरी दुसऱ्याच देहातून आलेलं असणार अशी शंका. त्रास होण्याइतकं नव्हतं, पण विचार करा, त्याला माहीतच नव्हतं.

नवा_सुपरवायझर

बाप रे, खूप मिळालं. मीटर बघायचा, वही बघायची आणि मग पिशवी, हे पोरांना आजच सांगितलं आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त शंका घेणाऱ्यालाच वही बघायचं काम दिलंय. प्लंबरचं पण ऑफिसरशी बोललो, ते मीटर फिरवून कागद देणार म्हणालेत. डायपरची ओळ सुचवली, डॉक्टरांनी हो म्हटलंय.

मीटरवाला सर, आता जाता जाता एक. त्या डिके खोलीच्या मागच्या बाजूला जुन्या इमारतीत एक खोली आहे, कॅन्सर विभाग आधी तिथे होता म्हणे. आत एक मोठं मशीन पडलंय, वरती गोल जड डोक्यासारखं काहीतरी, खाली झोपायचा टेबल. कुणालाच नीट माहीत नाही किती वर्षं बंद आहे. इमारत पाडायची आहे म्हणून ॲडमिनवाले माझ्याकडे आले, म्हणाले भंगारवाल्याला बोलावून घ्या, लोखंड आणि शिसं बरंच आहे, चांगले पैसे येतील. वीज तर कधीचीच तोडलीय. तर वीज नाही म्हणजे यात रेडिएशनचा प्रश्न नाही ना? फक्त कन्फर्म करायचं होतं.

मीटरवाला

थांबा. भंगारवाल्याला बोलावू नका. आला असेल तर परत पाठवा. खोलीला कुलूप लावा, चावी कुणाकडे आहे ते लिहून ठेवा, आणि तुमच्या रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला आत्ता फोन करा, उद्या नाही. बाकीचं नंतर वाचा.

झाला फोन? आता ऐका. मशीन दोन प्रकारचं असू शकतं. एक्सरे, सीटी, लिनॅक (कॅन्सरला शेक देणारं विजेवरचं मशीन) ही विजेवर रेडिएशन तयार करणारी मशीनं, वीज गेली की बंद. लिनॅकसुद्धा मोठ्या एनर्जीचं, 10 एमव्हीच्या वरचं, असेल तर डोक्यातले काही भाग रेडिओॲक्टिव्ह झालेले असू शकतात आणि काही जुन्यांत रेडिएशन अडवायला आडोसा म्हणून डिप्लीटेड युरेनियम, म्हणजे इंधनाचा भाग काढून उरलेलं जड युरेनियम, वापरलेलं असतं, म्हणजे तेही न मोजता भंगारात देता येत नाही. पण गोल जड डोकं म्हणताय ते ऐकून मला टेलीकोबाल्टची, म्हणजे कॅन्सरला शेक द्यायच्या जुन्या मशीनची, शंका येतेय. त्यात डोक्याच्या आत कोबाल्ट 60 चा खरा सोर्स, म्हणजे स्वतःच रेडिएशन सोडणारा तुकडा, असतो. त्याला वीज लागत नाही, बटण नसतं, तो चोवीस तास चालू असतो, फक्त शिशाच्या आत मागे सरकवलेला असतो. नवा भरताना शेकडो टेराबेकरेल, एक टेरा म्हणजे हजार गिगा. हाफ लाइफ सव्वापाच वर्षं, म्हणजे वीस-एकवीस वर्षं पडून असेल तरी सोळावा भाग शिल्लक, आणि उघडा सापडला तर तेवढा माणूस मारायला पुष्कळ आहे. त्या पिशव्यांबद्दल तुम्ही इतके दिवस काळजी करत होतात ना, त्या सगळ्या पिशव्या एकत्र केल्या तरी याच्या जवळपास येत नाहीत.

हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये. ब्राझीलमधल्या गोयानियामध्ये नेमकं हेच झालं. एका रेडिओथेरपीच्या संस्थेने जागा बदलली, कोबाल्टचं मशीन बरोबर नेलं आणि सीझियम 137 चं जुन्या जागेतच सोडलं, नियामकांना कळवलं नाही. इमारत अर्धवट पाडली गेली. सप्टेंबर 1987 मध्ये दोघांनी किमती धातू असेल म्हणून डोकं काढून नेलं, घरी फोडायचा प्रयत्न केला आणि मग भंगारवाल्याला विकलं. आतलं कॅप्सूल फुटलं. आत सीझियम क्लोराइडची पावडर, शंभर ग्रॅमसुद्धा नाही, पण 50 टेराबेकरेलच्या वर. अंधारात निळी चमकायची म्हणून लोकांनी नातेवाइकांना वाटली, अंगाला लावली. चार जण गेले, त्यात एक सहा वर्षांची मुलगी. 249 जणांवर सीझियम सापडलं, एक लाख बारा हजार माणसं तपासावी लागली आणि घरं पाडून, माती खरवडून 3500 घनमीटर कचरा झाला. शंभर ग्रॅमपासून.

आणि कळलं कसं तर त्या भंगारवाल्याच्या बायकोला वाटलं की घरातले सगळे या वस्तूमुळेच आजारी पडतायत, तिने ती पिशवीत घालून बसने आरोग्य खात्याच्या दवाखान्यात नेऊन ठेवली. ती स्वतः वाचली नाही. दुसऱ्या दिवशी एका फिजिसिस्टने मीटर उसना आणला, तो वाटेतच फुल स्केल दाखवायला लागला, कुठल्याही दिशेला धरला तरी तेच, म्हणून त्याला वाटलं मीटर बिघडलाय आणि तो दुसरा आणायला परत गेला! तोवर अग्निशमन दलाचे लोक ती वस्तू नदीत टाकायच्या बेतात होते, तो वेळेत पोचला म्हणून थांबले.

यात तंत्रज्ञान कुठेच चुकलं नव्हतं. सोर्स कुणाच्या नावावर आहे हे लिहिणारा माणूस तिथे राहिला नव्हता, बस.

लोखंडी_माणूस

मी भंगार आणि स्टीलच्या धंद्यातला, मीटरवाला साहेब बोलतायत त्यातला शब्द न शब्द खरा आहे. आमच्या गेटवर आता डिटेक्टर आहेत ते असल्याच प्रकरणांमुळे. मेक्सिकोत सिउदाद हुआरेसला 1983 मध्ये दवाखान्याचं कोबाल्ट मशीन भंगारात गेलं, आत मिलिमीटरभराचे सहा हजार दाणे, ते यार्डभर सांडले, फाउंड्रीत वितळले, सळया झाल्या, टेबलाचे पाय झाले, सीमेपलीकडे पण गेले. सापडलं ते निव्वळ नशिबाने, जानेवारी 1984 मध्ये सळयांचा ट्रक अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेजवळून गेला आणि तिथला डिटेक्टर वाजला. थायलंडमध्ये समुत प्राकानला 2000 साली तेच, कोबाल्टचं डोकं, तीन माणसं गेली. दिल्लीत मायापुरीला 2010 मध्ये, ते दवाखान्याचं नव्हतं, विद्यापीठातलं कोबाल्टचं उपकरण लिलावात विकलं होतं, पण मेला तो भंगाराच्या दुकानात काम करणाराच.

फोडणारा माणूस कायम आमच्यातला असतो आणि त्याला ते तीन पात्यांचं चिन्ह पंख्यासारखं दिसतं. म्हणून 2007 मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने आणि आयएसओने दुसरं चिन्ह काढलं, लाल त्रिकोण, वरून लाटा, कवटी आणि पळणारा माणूस, 11 देशांतल्या लोकांना दाखवून ठरवलेलं. ते दारावर लावायचं नसतं, मशीनच्या आत, झाकण उघडल्यावर दिसेल असं लावायचं असतं. जुन्या मशीनवर ते असणार नाही हे लक्षात ठेवा, म्हणजे नाही दिसलं तर सुटलो असं समजू नका.

उलटतपासणी

लेखी मागा म्हणालो होतो ते आता ॲडमिनवाल्यांकडे पण मागा. भंगारात द्या असं ज्यांनी सांगितलं त्यांनी सहीनिशी सांगावं, बघू किती देतात.

नवा_सुपरवायझर

ऑफिसर येऊन गेले. दारातूनच मीटर धरत आत गेले, मला बाहेर थांबवलं. डोक्याजवळ रीडिंग बॅकग्राउंडपेक्षा बरंच जास्त आलं पण शिशामुळे जेवढं असायला हवं तेवढंच आहे म्हणाले, म्हणजे सोर्स आत आहे आणि जागेवर आहे. बाजूच्या पाटीवर कोबाल्ट 60 स्पष्ट लिहिलंय, भरल्याची तारीख पुसलेली आहे. आता ते जुनी रजिस्टरं शोधतायत, सोर्सचा नंबर मिळाला तर सप्लायरला परत देता येईल का ते बघणार आणि नियामकांना आजच मेल जाईल. इमारत पाडायचं काम थांबवलंय, ॲडमिनवाले माझ्यावर चिडलेत, चिडू देत.

सर, मध्ये किती वेळ जाईल साधारण? आणि तोवर मी काय करायचं?

मीटरवाला

महिने धरा, वर्षही लागू शकतं. सोर्स परत नेण्यासाठी खास कंटेनर लागतो, वाहतुकीची परवानगी लागते, घेणारा तयार लागतो, आणि कंपनी बंद झाली असेल तर मग तुमच्या देशात असले सोर्स सांभाळणारी सरकारी जागा असेल तिथे जावं लागतं. सोर्स गेल्यावर रिकामं डोकं पण पुन्हा मोजायचं, त्यातही डिप्लीटेड युरेनियम असू शकतं, आणि त्यानंतरच लोखंड म्हणून सोडायचं.

तोवर दोन कुलपं, दोन वेगळ्या माणसांकडे चाव्या. दारावर चिन्ह आणि ऑफिसरचा फोन नंबर. आठवड्यातून एकदा कुणीतरी जाऊन मशीन जागेवर आहे का बघायचं आणि वहीत सही करायची, आत जायची गरज नाही, दारातून दिसलं तरी पुरे. तुमची बदली झाली तर ही खोली चार्ज देताना कागदावर आली पाहिजे, आणि ऑफिसर बदलला तरी. छत गळतंय का, खिडकी फुटलीय का हे पण बघा. आणि त्या भंगारवाल्याने खोली आधी आतून पाहिली होती का ते विचारून घ्या, पाहिली असेल तर रात्रीचा वॉचमन पण लागेल.

नवा_सुपरवायझर

पाहिली होती, भाव पण देऊन गेलाय. वॉचमनचं बोलतो लगेच.